ताईची खुर्ची आणि फुकटची सिस्टीम

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, झेरॉक्सचं दुकान चालवतात, आणि उभ्या आयुष्यात त्यांनी गिऱ्हाइकाचा एकही कागद वाचलेला नाही. हे मी चेष्टेनं सांगत नाही; चेष्टा करायला त्यांच्याकडे इतर गुण भरपूर आहेत. त्यांच्या काचेवर घटस्फोटाचे अर्ज पालथे पडतात, रक्ताचे रिपोर्ट पडतात, कुणाकुणाची मृत्युपत्रं पडतात. भाऊजी कागद सरळ आहे ना बघतात, कोपरा दुमडलेला नाही ना बघतात, शाई फिकी असेल तर जरा गडद काढतात आणि निघालेली प्रत मूळ कागदाशेजारी धरून दोन्हीवरून एकदा नजर फिरवतात. ती नजर अक्षरांवरून जाते, अक्षरांत शिरत नाही. "लोक विश्वासानं देतात गं," ते म्हणतात. "वाचणं बरं दिसत नाही." ही सवय इतकी मुरलीय की आता वाचायचं म्हटलं तरी त्यांना ते जमत नाही, असं माझं ठाम मत आहे. सकाळी पेपर चाळत असतात, आणि काय विशेष म्हणून विचारलं तर सांगतात, "आज छपाई चांगली आलीय."

माझं शिवणाचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून आहे. भिंत कसली, दोन रंगांच्या मधलं पुठ्ठ्याचं काहीतरी. तिकडे कुणी शिंकलं तर इकडे माझा टाका चुकतो. त्यामुळे पुढं सांगते त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलंय आणि निम्मं भिंतीतून ऐकलंय, पण ऐकलेलं जास्त भरवशाचं आहे.

त्या दुकानाची अर्धी बाजू ताईची. भाऊजी नक्कल करायचे, ताई नवं टाइप करायची. कोपऱ्यात तिची खुर्ची आणि तिचा कॉम्प्युटर. लोक हातानं खरडलेलं काहीबाही आणायचे आणि ताई ते टाइप करता करता वळणावर आणायची. "या तक्रारीत तुम्ही साहेबांना गाढव म्हटलंय, ते ठेवायचं की काढायचं?" असं ती अगदी शांतपणे विचारायची, आणि माणूस ओशाळून म्हणायचा, काढा. ज्यांना काय म्हणायचंय ते धड माहीत नसायचं तेही तिच्याकडून चांगलं खणखणीत पत्र घेऊन जायचे. मी तिची धाकटी बहीण, तेव्हा माझं कौतुक बाजूला ठेवा; पण तिच्यासारखी टाइप करणारी बाई त्या रस्त्यावर दुसरी नव्हती.

मग तिचे डोळे गेले. सगळे नाही. दृष्टीचा मधला भाग गेला, कडेकडेचं राहिलं. मी कुठल्या रंगाचं घातलंय ते ती सांगते, पण मी हसतेय की रागावलेय ते तिला दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा. तरी ती दुकानात येत राहिली. कळा बोटांना पाठ होत्या, मजकूर गिऱ्हाईक तोंडी सांगायचं. आम्हाला वाटलं, निभावलं.

एक दिवस एक बाई नोकरीचा अर्ज करून घ्यायला आल्या. ताईची बोटं बसतानाच एका कळीनं बाजूला सरकली होती. अख्खं पान तिनं नेहमीच्या वेगानं, नेहमीच्या ठेक्यात टाइप केलं. भाऊजींनी छापलं, समास सरळ आलाय ना पाहिलं आणि कागद बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो वाचलेला नव्हता, हे काय सांगायला हवं? बाईंनी कागद बघितला आणि त्यांना हसू फुटलं. त्यांचा दोष नाही, कुणीही हसलं असतं. त्या पानावर एकही शब्द शब्द नव्हता. पण ते हसू ताईनं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात आली नाही. भाऊजींनी विचारलं तर म्हणाली, "घरीच बरं आहे." मी विचारलं तरी तेच. आधीच्या ताईनं मला 'तुला काय करायचंय' म्हणून झापलं असतं.

भाऊजींनी ते मनाला फार लावून घेतलं. तो कागद माझ्या हातून गेला, एवढंच एकदा माझ्याजवळ बोलले. त्यानंतर त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती: ताई परत त्या खुर्चीवर बसली पाहिजे. तिच्या खुर्चीवर त्यांनी ना कुणाला बसू दिलं, ना तिच्यावर कागदाचे गठ्ठे ठेवले, आणि एवढ्याशा दुकानात हे सोपं नव्हतं.

वाट दाखवली एका वकीलबाईंनी. त्या जन्मापासूनच न दिसणाऱ्या. दाव्याच्या प्रती काढायला आल्या होत्या, आणि यंत्र चालू असताना बाकावर बसून लॅपटॉपवर कामही करत होत्या. लॅपटॉप बोलत होता. कळ दाबली की अक्षर, शब्द झाला की शब्द, ओळ झाली की ओळ. भाऊजींच्या हातातला गठ्ठा तसाच राहिला.

"आमच्या हिला नीट दिसत नाही. हे तिच्या कॉम्प्युटरवर होईल का?" त्यांनी विचारलं. "जुना आहे. त्याच्या कंपनीनंही त्याला वाऱ्यावर सोडलंय."

"जुनाच असेल तर नवी सिस्टीम घाला," वकीलबाई म्हणाल्या. "फुकट मिळते. जगभरच्या लोकांनी मिळून केलेली आहे. कुणीही इंटरनेटवरून उतरवून घ्यावी, वापरावी, तिच्या प्रती काढून दुसऱ्याला द्याव्यात."

"प्रती काढलेल्या चालतात?"

"चालतात काय, काढाच म्हणतात. आणि ती बसवतानाच बोलायला लागते, म्हणजे तुमच्या मिसेससुद्धा बसवू शकतील. फक्त एक करा. तिची माहितीपुस्तिकाही उतरवून घ्या आणि आधी ती नीट वाचा. न वाचता हात लावू नका."

"वाचतो," भाऊजी म्हणाले. भिंतीच्या अलीकडे मला खोकला आल्याचं सोंग करावं लागलं.

मला खरं तर ते सगळंच पटलं नव्हतं. फुकट म्हटलं की माझा हात आधी पर्सकडे जातो. "कोण लोक आहेत हे? त्यांना कामधंदे नाहीत?" मी भाऊजींना विचारलं. त्यांनी खांदे उडवले. आयुष्यभर 'पुस्तकाची नक्कल करून मिळणार नाही' अशी पाटी लावून बसलेल्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदाच म्हणालं होतं, घ्या, काढा प्रत, वाटा. ते नुसते हरखून गेले होते.

दुकानात दुसरा एक कॉम्प्युटर होता, भाऊजींचा, छपाईला जोडलेला. त्याच्यावर त्यांनी फाइल उतरवायला घेतली. फाइल अवाढव्य, आणि आमचं इंटरनेट म्हणजे वरच्या मजल्यावरच्यांनी सिनेमा लावला की गारठतं. भाऊजी दुधावर लक्ष ठेवावं तसे त्या सरकणाऱ्या पट्टीकडे बघत बसले. कुणी प्रत मागितली तर उठायचे, द्यायचे, परत येऊन बसायचे.

फाइल आल्यावर आणखी एक काम होतं. त्या साइटवर आकड्यांची आणि अक्षरांची एक लांबलचक रांग दिलेली होती. आपल्या फाइलचीही तशीच रांग काढायची, आणि दोन्ही जुळल्या तर समजायचं की फाइल वाटेत कुठं बिघडलेली नाही. दुसऱ्या कुणी ती पडद्यावरच ताडून पाहिली असती. भाऊजींनी दोन्ही रांगा दोन कागदांवर एकाच मापात छापल्या, कागद एकावर एक ठेवले आणि दाराच्या काचेवर उजेडात धरले. "तंतोतंत!" ते रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले. जाणारा एक माणूस थांबून म्हणाला, "अभिनंदन."

मग माहितीपुस्तिका. कुणा भल्या माणसांनी तीसुद्धा आपल्या भाषेत करून ठेवली होती. भाऊजींच्या लेखी, जे कागदावर आलं नाही ते अजून खरं झालेलं नसतं. त्यांनी ती सबंध छापली, पाठपोट, वर प्लॅस्टिकचं आवरण, कडेला स्पायरल. जाडजूड वही झाली. संध्याकाळी दुकान बंद करून ते ती घरी नेऊ लागले आणि ताईला वाचून दाखवू लागले.

मी एक-दोनदा तिथं होते, म्हणून सांगते, ते ऐकणं ही शिक्षा होती. भाऊजी पहिल्या पानापासून निघाले होते आणि काहीही गाळत नव्हते. प्रस्तावना वाचली, आभार वाचले, पान क्रमांकसुद्धा वाचले. आवाज एकाच पट्टीत, पूर्णविरामाला थांबणं नाही, चौकटीतल्या सूचनेला जोर नाही. यंत्रातून कागद बाहेर यावा तसं वाक्य बाहेर यायचं, आणि पुढचं यायचं. ताई माझ्या ब्लाउजांना हुक लावत बसलेली असायची. ते काम ती बोटांनी चाचपून करते, आणि माझ्यापेक्षा नीट करते.

"कंटाळा येतोय का गं?" भाऊजी मध्येच विचारायचे.

"नाही. बरं आहे," ताई म्हणायची.

हे 'बरं' मला अजिबात सोसत नव्हतं. एकदा निघताना मी तिला दारात गाठलं. "तुला खरंच काही कळतंय का त्यातलं?"

"ते इतकं मन लावून वाचतात," ती म्हणाली. "ऐकायला काय जातंय?"

सबंध वही संपली, आणि भाऊजींनी रविवार ठरवला. दुकान बंद, गिऱ्हाईक नाही. ताई नको नको म्हणत होती, म्हणजे तोंडानं 'बरं'च म्हणत होती, पण पायात चपला घालायला तिला फार वेळ लागला. दुकानात आल्यावर ती आपल्या खुर्चीकडे गेली नाही. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली, पर्स मांडीवर घेऊन. आपल्याच दुकानात तिला तसं बसलेलं बघून मला कसंसंच झालं.

"जुन्या कॉम्प्युटरवरचं सगळं दुसरीकडे ठेवलंत ना?" तिनं विचारलं.

"दोनदा," भाऊजी म्हणाले. यात ते चुकणार नव्हते.

त्यांनी नवा कोरा पेनड्राइव्ह काढला, आपल्या कॉम्प्युटरला लावला आणि उतरवलेली फाइल त्याच्यावर कॉपी केली. मग तो ताईच्या कॉम्प्युटरला लावून बटण दाबलं. पुस्तिकेप्रमाणे आता एक बीप वाजायला हवी होती, आणि मग ठरलेली कळ दाबली की नवी सिस्टीम बोलायला लागणार होती. बीप वाजली नाही. कॉम्प्युटर आपला जुन्याच सिस्टीमनं उघडला, जणू काही झालंच नाही.

भाऊजींनी परत कॉपी केली. परत तेच. पेनड्राइव्ह बदलला. तेच. मग त्यांनी ते दोन कागद पुन्हा दाराच्या काचेवर धरले. तंतोतंत होते. "प्रत बरोबर आहे," ते स्वतःशीच म्हणत होते. "प्रत एकदम बरोबर आहे." त्यांच्या जगात प्रत बरोबर असली की काम झालेलं असतं. पुढं घोडं कुठं अडलंय हे त्यांना समजेना, आणि मला तर सुरुवातीपासूनच काही समजत नव्हतं. मी एवढंच बघत होते की ताईनं पर्सचा पट्टा खांद्यावर घेतला. आता ती म्हणणार, राहू द्या, चला घरी. एकदा ती तशी घरी गेली असती तर परत तिला तिथं कुणी आणू शकलं नसतं.

"अहो," ताई म्हणाली, "तुम्ही ती फाइल कॉपी केलीत का?"

"मग काय करणार? कॉपीच केली."

"कॉपी करून चालत नाही. ती फाइल म्हणजे डिस्कचा अख्खा साचा आहे, तो पेनड्राइव्हवर वेगळ्या प्रोग्रॅमनं उतरवावा लागतो. नुसती ठेवली तर कॉम्प्युटरला ती सिस्टीम दिसत नाही, साधी फाइल दिसते."

भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. "तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. परवा-तेरवा वाचलंत. चौकटीत असणार ते, कारण त्याच्या आधी तुम्ही 'महत्त्वाचे' असं वाचलंत. पेनड्राइव्ह तयार करणे, त्याच प्रकरणात."

मी वही ओढली आणि पानं उलटली. होतं. जाड रेघेची चौकट, वर 'महत्त्वाचे', आणि ताईनं सांगितलं अगदी तेच. भाऊजींनी ते स्वतःच्या तोंडानं खणखणीत वाचलं होतं आणि त्यातला एक शब्दही त्यांच्या आत उतरला नव्हता. मी इतकी हसले की मला भिंतीला धरावं लागलं. "भाऊजी, तुम्ही माणूस आहात की यंत्र?"

"मी कॉपी काढणारा माणूस आहे," भाऊजी हिरमुसून म्हणाले. "मला वाटलं, कॉपी म्हणजे कॉपी."

"बघू," ताई म्हणाली, आणि बाकावरून उठली. "तो उतरवणारा प्रोग्रॅम कुठला सांगितलाय? पुढची ओळ वाचा. हळू वाचा. आणि एक वाक्य झालं की थांबा."

भाऊजींनी वाचलं, थांबले. तिनं सांगितलं तसं केलं, परत वाचलं, परत थांबले. यात बराच वेळ गेला. मी चहा आणायला गेले आणि परत आले तेव्हा ताई कधी जाऊन आपल्या खुर्चीवर बसली होती, हे त्या दोघांच्याही लक्षात आलेलं नसावं. मी चहा ठेवला आणि तोंड मिटून घेतलं. मला हे क्वचितच जमतं.

बटण दाबलं. बीप वाजली. ताईनं कळ दाबली, आणि नाक चिमटीत धरून कुणी बोलावं तशा आवाजात कॉम्प्युटर बोलायला लागला. भाषा कोणती हवी? ताईनं निवडली. कीबोर्ड कोणता? निवडला. तो विचारत होता, ती उत्तरं देत होती, आणि आम्ही दोघं लग्नात मागं उभ्या असलेल्या नातेवाइकांसारखे गप्प उभे होतो. मग त्यानं सांगितलं की आता या डिस्कवरचं जुनं सगळं पुसलं जाईल, नक्की पुसायचं का?

"थांब," भाऊजी म्हणाले. "तुझं इतक्या वर्षांचं काम आहे त्याच्यात."

"दोनदा ठेवलंयत ना?"

"ठेवलंय. तरी पण."

ताईनं 'हो' दाबलं.

त्यानंतरचे काही आठवडे ती रोज दुपारी दुकानात येऊन सराव करत होती, पण गिऱ्हाईक आलं की हात मांडीवर घ्यायची. भिंतीतून मला दिवसभर तो चिमटीतला आवाज यायचा. बोट चुकलं की तो चुकलेलं अक्षर म्हणायचा, ताई ते पुसायची आणि पुढं जायची. पुढं पुढं पुसणं कमी झालं. तरी समोर माणूस बसला असताना ती टाइप करेल की नाही, हे भाऊजींना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. आणि सगळा जीव अडकला होता तो तिथंच.

एके सकाळी एक आजोबा आले. शेजाऱ्याच्या कुत्र्याविरुद्ध तक्रार करायची होती, आणि ती टाइप करूनच हवी होती. भाऊजी त्यांना दुसरीकडे जायला सांगणार, तेवढ्यात ताई म्हणाली, "सांगा आजोबा. कुत्रा करतो काय?"

मी मशीन थांबवलं. आजोबा सांगू लागले, कळा वाजू लागल्या, कॉम्प्युटर तिच्यामागून म्हणू लागला. आणि भाऊजी! भाऊजी तिच्या खुर्चीमागे उभे राहून प्रत्येक ओळीला बोलत होते. "बरोबर आहे. बरोबर येतंय. हां, आता थोडं जपून. छान. घाबरू नकोस." आजोबा मध्येच अडखळले. कॉम्प्युटरचं वाक्य भाऊजींच्या वाक्याखाली बुडालं.

"अहो, तुम्ही जरा बाहेर जाता का!" ताईचा आवाज भिंत फोडून आला. "एक हा बोलतोय, एक आजोबा बोलताहेत, त्यात तुमची कटकट! काही लिहू देणार आहात का मला? जा, चक्कर मारून या. मी बोलावल्याशिवाय येऊ नका!"

भाऊजी माझ्या दुकानात आले आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. पलीकडे कळा पुन्हा सुरू झाल्या होत्या, चांगल्या वेगात.

"काय भाऊजी, हकालपट्टी?" मी म्हटलं.

"ओरडली माझ्यावर."

"ऐकलं. अख्ख्या रस्त्यानं ऐकलं."

त्यांनी चष्मा काढला. "डोळे गेल्यापासून एकदाही ओरडली नव्हती गं ती. काही करा, बरं म्हणायची. कितीही चुका, बरं म्हणायची. मला तर वाटायला लागलं होतं, घरात कुणीतरी पाहुणी येऊन राहिलीय आणि ती माझी बायको शोधून देत नाहीये."

मी टेबलावरचा अस्तराचा तुकडा उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं, तुकड्याची नीट घडी घातली आणि मला परत द्यायला लागले.

"राहू द्या," मी म्हटलं.